तेल जिरवायला शिकताना

पंचकर्माच्या कामाला लागले तेव्हा मला वाटायचं, मालिश करायला अंगात जोर हवा. पहिल्याच आठवड्यात माझे अंगठे भरून आले. सोबतच्या मावशी हसल्या, "अगं, कणीक तिंबतेस का? तेल जिरव."

तेलाची वाटी विस्तवावर ठेवू नका, गरम पाण्यात ठेवा आणि आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघा. हातापायांवर लांब हात, सांध्यांवर गोल, पोटावर अगदी हलका. द्रोणीच्या, म्हणजे मालिशच्या टेबलाच्या, दोन बाजूंना दोघी असलो की दोघींचे हात एका लयीत पडायला हवेत. एकीची घाई झाली की झोपलेल्या माणसाला लगेच कळतं. नखं कापलेली, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या. उतरताना रुग्णाचा हात धरायचाच, तेलकट पाय लादीवर सटकतात.

आता माझी चूक सांगते. एक बाई आल्या. बोटं, मनगटं सुजलेली, गरम, अंगात कणकण. मी विचारलं काहीच नाही, मायेनं कोमट महानारायण तेल चोळलं. दुसऱ्या दिवशी त्यांची मूठ वळेना. वैद्यांनी मला बाजूला घेतलं. हा आमवात. यात आम, म्हणजे नीट न पचलेल्या अन्नाचा चिकट दोष, अंगात असेपर्यंत तेल नको, वाळूची पोटली तापवून कोरडा शेक द्यायचा. झिजलेल्या गुडघ्याला मात्र तेच तेल सुख देतं. आणि आपले लोक दोन्हीला 'संधिवात'च म्हणतात!

अजीर्ण असेल, कफ वाढलेला असेल, नुकतंच वमन-विरेचन, म्हणजे औषधानं उलटी-जुलाब करवणं, झालं असेल तर अभ्यंग, म्हणजे हे तेलाचं मालिश, नको, असं आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट यानं सांगून ठेवलंय. म्हणून मी आधी विचारते: भूक लागली का, पोट साफ झालं का, ताप आहे का? एकच पोटरी सुजून दुखत असेल तर हात लावू नका, आधी डॉक्टरांकडे पाठवा. आत रक्ताची गुठळी असू शकते.

आखडलेली पाठ मोकळी होते, कोरडी कातडी मऊ होते, झोप छान लागते, एवढं खुशाल सांगा. "चरबी वितळेल का?" असं हमखास विचारतात. नाही म्हणायचं, गिऱ्हाईक गेलं तरी.

डोकं, कान आणि तळपाय यांना तेल विशेष लावावं म्हणतात. मी तळपायांपासून सुरुवात केली, सासऱ्यांच्या. दहाव्या मिनिटाला ते घोरायला लागायचे, मग दुसरा पाय मी निवांत, चुका करत चोळायची.