करआकारणीसाठी मूल्यांकन : वरिष्ठ मूल्यनिर्धारकाने काम कसे करावे

मिळकतकर ही एका सामायिक बोजाची वाटणी असते. स्थानिक संस्थेची गरज ठरलेली असली की एका मिळकतीचे मूल्य वाजवीपेक्षा कमी लागल्यावर तिच्या वाट्याचा भार नकळत इतरांवर चढतो, आणि ज्यांच्यावर तो चढतो त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. हरकत घेऊन येतो तो जास्त मूल्य लागलेला मालक. कमी मूल्य लागलेला मालक स्वतःहून कधी येत नाही. त्यामुळे हरकती थोड्या आल्या म्हणजे आकारणी नीट झाली, असा निष्कर्ष वरिष्ठ मूल्यनिर्धारकाने काढू नये. एकेका मिळकतीची नोंद अचूक करणे हे प्रत्यक्ष पाहणी करणाऱ्याचे काम आहे. हजारो मिळकतींची मूल्ये परस्परांशी न्याय्य प्रमाणात आहेत की नाहीत हे तपासणे आणि विचारल्यास ते पुराव्यानिशी दाखवता येणे हे वरिष्ठाचे काम आहे.

आधी नोंदी

पुनर्मूल्यांकनाचे काम हाती आले की सूत्रे आणि दर यांच्याकडे धाव घेण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि आधी नोंदी तपासाव्यात. क्षेत्रफळ, बांधकामाचा दर्जा, बांधकामाचे वर्ष, सद्यःस्थिती आणि वापर या पाच बाबींत गोंधळ असेल, तर पुढची कितीही काटेकोर आकडेमोड तो गोंधळ अधिक ठाम दिसेल एवढेच करते. एका विभागातील क्षेत्रफळ बाहेरच्या भिंतींवरून आणि शेजारच्या विभागातील आतल्या वापरयोग्य जागेवरून मोजलेले असणे, हा जुन्या नोंदींतला नेहमीचा दोष आहे. प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे बरोबर असूनही दोन विभागांची तुलना त्यामुळे निरर्थक ठरते. आराखड्यातील मोजमापे क्रमाने मांडत गेल्यावर शेवटची रेषा पहिल्या बिंदूला येऊन मिळत नसेल, तर कुठली तरी एक बाजू चुकली आहे हे नक्की समजावे. अशा न जुळणाऱ्या आकृती संगणकाकडून वेगळ्या काढून घ्याव्यात आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन पुन्हा मोजाव्यात. कार्यालयात बसून अंदाजाने आकृती जुळवून घेणे हे नोंद बिघडवण्याचे काम आहे.

बांधकामाचा दर्जा ठरवताना व्यक्तीव्यक्तींच्या नजरेत फरक पडतोच. तो मोजण्याचा सोपा उपाय म्हणजे तीच काही घरे दोन निरीक्षकांना एकमेकांशी बोलू न देता पाहायला लावावीत आणि त्यांची श्रेणी शेजारीशेजारी ठेवावी. एकाची श्रेणी सतत एक पायरी वर येत असेल, तर ते लवकर कळणे बरे, कारण तो निरीक्षक ज्या गल्ल्यांमध्ये फिरला त्या सगळ्या गल्ल्या त्याच्या नजरेचा कर भरत राहतात. इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ असेसिंग ऑफिसर्स, म्हणजेच आयएएओ, ही या व्यवसायातील मानके ठरवणारी संस्था प्रत्येक मिळकतीची वैशिष्ट्ये दर ४ ते ६ वर्षांनी तरी नव्याने पडताळावीत असे सुचवते. हवाई छायाचित्रांमुळे वाढीव बांधकाम शोधणे सोपे झाले आहे. घराची अंतर्गत अवस्था मात्र छपरावरून दिसत नाही.

विक्रीव्यवहारांची छाननी

बाजाराचा पुरावा म्हणजे विक्रीचे व्यवहार, परंतु नोंदवलेला प्रत्येक व्यवहार पुरावा म्हणून चालत नाही. विकणारा आणि घेणारा एकमेकांशी अन्यथा संबंधित नसलेले, पुरेशी माहिती असलेले आणि कोणत्याही दडपणाखाली नसलेले असावेत. नातेवाइकांमधील हस्तांतर, कर्जवसुलीतील लिलाव, मिळकतीच्या केवळ एका हिश्श्याची विक्री आणि ज्यात यंत्रसामग्री किंवा फर्निचरची किंमतही मिसळली आहे असे व्यवहार बाजूला काढावेत अथवा शक्य असल्यास दुरुस्त करून घ्यावेत. लगतच्या मालकाने दोन भूखंड एकत्र करण्यासाठी जादा किंमत मोजली असेल, तर तो व्यवहार खरा असूनही इतरांसाठी मापदंड होऊ शकत नाही. व्यवहार का वगळला हे त्याच वेळी एका ओळीत लिहून ठेवावे. दोन वर्षांनी सुनावणीत तोच प्रश्न येतो आणि तेव्हा आठवणीवर विसंबून चालत नाही. त्याचबरोबर, केवळ आपल्या आकड्याशी जुळत नाही म्हणून व्यवहार वगळण्याची सवय लागली, तर पुढचा सर्व अभ्यास स्वतःचीच पाठ थोपटणारा होतो.

मूल्यांकनाची संदर्भ तारीख एकच असते, व्यवहार मात्र वर्षभर पसरलेले असतात. किंमती चढत किंवा उतरत असतील, तर प्रत्येक विक्रीची किंमत संदर्भ तारखेच्या पातळीवर आणूनच ती वापरावी.

कोणती पद्धत कुठे

राहत्या घरांसाठी विक्री-तुलना, विशेष स्वरूपाच्या इमारतींसाठी बांधकाम खर्चातून घसारा वजा करण्याची पद्धत आणि भाड्याने दिलेल्या व्यापारी मिळकतींसाठी उत्पन्नाची पद्धत, ही ढोबळ विभागणी सर्वांना ठाऊक असते. खर्चपद्धतीत केवळ झिजेचा घसारा धरून थांबू नये. गैरसोयीच्या रचनेमुळे आणि परिसरातील कारणांमुळे घटलेले मूल्यही मोजावे लागते.

उत्पन्नपद्धतीत करआकारणीच्या कामापुरता एक खास प्रश्न उभा राहतो आणि अनुभवी माणसेही त्यात घसरतात. मिळकतकर हा खर्च म्हणून उत्पन्नातून वजा केला, तर जे ठरवायचे आहे तेच आपण गृहीत धरलेले असते. त्यामुळे कर वजा न करता निव्वळ उत्पन्न काढावे आणि कराचा परिणामी दर भांडवलीकरणाच्या दरात, म्हणजे वार्षिक उत्पन्नाला ज्या टक्केवारीने भागून मूल्य काढतात त्या दरात, मिळवावा. उत्पन्न ९५ एकके, भांडवलीकरणाचा दर ८ टक्के आणि मूल्याच्या प्रमाणात कर १.५ टक्के असल्यास ९५ ला ९.५ टक्क्यांनी भागून मूल्य १००० येते. ताळा करून पाहावा: १००० वर कर १५, उरलेले उत्पन्न ८०, म्हणजे बरोबर ८ टक्के.

गुणोत्तर अभ्यास

या पदावरच्या माणसाचे खरे हत्यार म्हणजे गुणोत्तर अभ्यास. प्रत्येक विकल्या गेलेल्या मिळकतीचे निर्धारित मूल्य तिच्या विक्रीच्या किमतीने भागावे आणि मिळणाऱ्या गुणोत्तरांकडे तीन वेगवेगळ्या प्रश्नांनी पाहावे. पातळी योग्य आहे का, हे मध्यकावरून, म्हणजे गुणोत्तरे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या गुणोत्तरावरून, कळते. गुणोत्तरे किती विखुरलेली आहेत, हे मध्यकापासूनच्या सरासरी अंतरावरून कळते. हे अंतर मध्यकाच्या टक्केवारीत मांडले की त्याला सीओडी म्हणतात. स्वस्त आणि महाग मिळकतींना सारखी वागणूक मिळते का, हे पीआरडीवरून कळते; त्यासाठी गुणोत्तरांच्या साध्या सरासरीला किमतींनी भारित केलेल्या सरासरीने भागतात. आयएएओच्या २०१३ च्या मानकानुसार बाजारमूल्यावर आकारणी असल्यास मध्यक ०.९० ते १.१० च्या दरम्यान, जुन्या आणि संमिश्र वस्तीतील घरांची सीओडी ५ ते १५ आणि पीआरडी ०.९८ ते १.०३ असावी.

तिन्ही प्रश्न स्वतंत्रपणे का विचारावेत, हे छोट्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. पाच विक्रीच्या किमती ५०, ३०, २०, १५ आणि १० एकके आहेत आणि त्यांची गुणोत्तरे अनुक्रमे ०.८२, ०.९०, ०.९६, १.०४ आणि १.१८ आहेत असे धरू. मध्यक ०.९६ येतो, पातळी ठीक. मध्यकापासूनची अंतरे ०.१४, ०.०६, ०, ०.०८ आणि ०.२२, त्यांची सरासरी ०.१०, म्हणजे सीओडी सुमारे १०.४, तीही ठीक. घाईत असलेला अधिकारी इथेच अहवालावर सही करील. परंतु गुणोत्तरांची साधी सरासरी ०.९८ आहे, आणि एकूण निर्धारित मूल्य ११४.६ भागिले एकूण किंमत १२५ म्हणजे भारित सरासरी ०.९१७ आहे. पीआरडी १.०७ येते, ती मर्यादेच्या बरीच वर आहे. याचा अर्थ सर्वांत महाग घराचा मालक त्याच्या किमतीच्या ८२ टक्क्यांवर कर भरतो आहे आणि सर्वांत स्वस्त घराचा मालक ११८ टक्क्यांवर. पाच व्यवहारांवरून प्रत्यक्षात निष्कर्ष काढू नयेत हे उघड आहे, पण मोठ्या नमुन्यातही हाच दोष असाच लपून बसतो. त्याचे कारण बहुधा प्रतिरूपात, म्हणजे मूल्ये काढणाऱ्या सूत्रांच्या आणि दरांच्या मांडणीत, सापडते: भूखंडाच्या स्थानाला किंवा बांधकामाच्या उच्च श्रेणीला बाजार जितकी किंमत देतो तितकी आपल्या तक्त्यात धरलेली नसते. सर्व मूल्यांना सरसकट एकाच टक्क्याने वाढवून पातळी सुधारते, हा दोष मात्र तसाच राहतो.

निकाल फार सुंदर आला तरीही शंका घ्यावी. ५ पेक्षा कमी सीओडी एकसारख्या नव्या घरांच्या वस्तीबाहेर क्वचितच खरी असते. अनेकदा तिच्यामागे विकल्या गेलेल्या मिळकतींचीच मूल्ये विक्रीच्या किमतीला नेऊन टेकवण्याची प्रथा असते. मग अभ्यास उत्तम दिसतो आणि न विकलेल्या मिळकती जुन्याच मूल्यावर राहतात. थोडक्यात, ज्याने नुकतेच घर घेतले तो शेजाऱ्याहून जास्त कर भरतो. पडताळणी सोपी आहे: एकाच गटातील विकलेल्या आणि न विकलेल्या मिळकतींच्या मूल्यात झालेली टक्केवारीतील वाढ शेजारीशेजारी ठेवावी. दोन्हींत ठळक तफावत असेल आणि तिचे दुसरे कारण सापडत नसेल, तर अहवाल पुढे पाठवू नये.

संगणकीय प्रतिरूपाबद्दल एवढेच सांगतो की ज्या आकड्याचे कारण आपल्याला साध्या भाषेत सांगता येत नाही, तो आकडा सूचनापत्रावर जाऊ देऊ नये. जादा स्नानगृहामुळे घराचे मूल्य घटते असे समीकरण सांगत असेल, तर बाजार विचित्र नाही. क्षेत्रफळ आणि स्नानगृहे सोबतच वाढत असल्यामुळे दोघांचा परिणाम एकमेकांत मिसळला आहे.

हरकत आणि सुनावणी

समोर बसलेल्या मालकाचे म्हणणे आधी पूर्ण ऐकावे आणि त्यात तीनपैकी काय आहे हे ओळखावे: नोंदीतील चूक, मूल्याबद्दलचा मतभेद, की कराच्या रकमेबद्दलची नाराजी. नोंदीतील चूक असेल, तर वाद न घालता मिळकतीचा तक्ता त्याच्यापुढे ठेवावा आणि प्रत्येक ओळ त्याच्याकडून वाचून घ्यावी. गळक्या तळघराची किंवा कधीच न बांधलेल्या खोलीची माहिती बहुतेक वेळा याच क्षणी मिळते. मूल्याबद्दल मतभेद असेल, तर त्याने आणलेले व्यवहार आपल्या व्यवहारांना लावलेल्या निकषांवरच तपासावेत. कराच्या रकमेबद्दल तक्रार असेल, तर दर ठरवणे आपल्या हाती नाही हे सौजन्याने सांगावे. त्याची दया येऊन मूल्य कमी करणे ही इतर सर्वांच्या खर्चाने केलेली उदारता आहे. शेजाऱ्याचे मूल्य आपल्यापेक्षा कमी आहे ही तक्रार मात्र हसण्यावारी नेऊ नये, कारण समानतेचा खरा प्रश्न तीच उपस्थित करते. तिचे उत्तर दोन्ही मिळकतींची तुलना करूनच द्यावे.

निर्णय कोणताही असो, कारणे लेखी असावीत आणि ती प्रकरण प्रथमच पाहणाऱ्या माणसाला समजावीत. स्वतःची, नातेवाइकांची किंवा हितसंबंध असलेली मिळकत आपल्या यादीत आली, तर ते लेखी कळवून ती दुसऱ्याकडे सोपवावी. एखादी हरकत मान्य झाल्यावर फाइल बंद करण्याआधी त्याच निरीक्षकाने, त्याच वर्षी, त्याच तक्त्यावरून नोंदवलेल्या इतर मिळकतींची यादी काढावी आणि तीच चूक तिथेही झाली आहे का ते तपासावे. ज्यांनी हरकत घेतली नाही त्यांचीही मूल्ये त्याच फेरीत दुरुस्त करावीत.