दशावताराच्या पेटाऱ्याशेजारची फाइल

सिंधुदुर्गात दशावतारी लोकनाट्य करणाऱ्या मंडळाचे अनुदानाचे कागद सांभाळायचं काम बहुतेक वेळा ज्याला कॉम्प्युटर येतो त्याच्या गळ्यात पडतं. माझ्या पडलं तसं. आता तुमची पाळी असेल, तर आधी मालकांना एक विचारा: मंडळ कायद्याने कोणाचं आहे?

कारण आपल्याकडे मंडळ मालकाचं असतं. वेशभूषा-साहित्याचा पेटारा त्यांचा, गाडी त्यांची, जत्रेची सुपारी तेच घेतात. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाचं महोत्सव आणि नाट्यनिर्मितीसाठीचं अनुदान मात्र नोंदणीकृत, ना-नफा संस्थेला मिळतं. त्याची मर्यादा साधारण 5 लाख, अपवादात्मक प्रस्तावाला 20 लाखांपर्यंत. म्हणजे धर्मादाय कार्यालयातली नोंदणी, संस्थेच्या नावाचं पॅन, बँक खातं, स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीसाठी असलेल्या केंद्राच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक आणि लेखापरीक्षित हिशेब हे सगळं हवं. नवी संस्था काढून लगेच अर्ज करण्याचा उत्साह आवरा, आधी काही वर्षांचे ताळेबंद तयार होऊ देत. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या योजनेत तमाशा, खडीगंमत, शाहिरीसोबत दशावतारही येतो. तिथल्या अटींसाठी चालू जीआर स्वतः वाचा, गावातल्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

खरी गंमत अर्ज भरताना येते. संहिता जोडा म्हटलं की काय जोडणार? आपल्याकडे लिहिलेलं नाटकच नाही. आख्यान ठरतं, प्रवेशांचा क्रम ठरतो आणि बाकी संवाद नट रंगमंचावर रचतो. मी दोन-तीन पानांत कथासार देतो, प्रवेशांची यादी देतो, पूर्वरंगात, म्हणजे सुरुवातीच्या भागात, गणपती, सरस्वती, संकासूर कसे येतात ते लिहितो आणि संवाद उत्स्फूर्त असतात हे ठळक नमूद करतो. सोबत पूर्ण प्रयोगाचं चित्रीकरण. कापून-जोडून केलेल्या झगमगाटी क्लिपपेक्षा एका जागी कॅमेरा ठेवून घेतलेली सलग रात्र जास्त कामाची. ट्रिकसीन, म्हणजे रंगमंचावरची चमत्काराची दृश्यं, असतील तर लपवू नका. ‘पारंपरिक’ दिसावं म्हणून अर्जात एक नाटक आणि जत्रेत दुसरं, हे मला पटत नाही. प्रेक्षक ट्रिकसीनला येतात, त्यात लाजायचं काय?

कलाकारांच्या यादीत आणखी एक अडचण. आपले नट हंगाम बदलला की मंडळ बदलतात. अर्जात ज्यांची नावं दिली त्यातला राजपार्टी (राजाची भूमिका करणारा) किंवा स्त्रीपार्टी (स्त्रीभूमिका करणारा) नट मंजुरी येईपर्यंत दुसऱ्याच मंडळाच्या पेटाऱ्यामागे गेलेला असतो. बदल झाला की लगेच लेखी कळवा. पैसे मिळाल्यावर कळवलं तर संशय येतो.

हिशेब मार्चमध्ये लिहायचा नसतो. पहाटे नाटक संपलं, नाईटचे, म्हणजे त्या रात्रीच्या प्रयोगाचे, पैसे वाटले, की तिथेच सही घ्या. 5 हजारांवर रोख असेल तर रेव्हेन्यू स्टॅम्प लावा. त्याहून बरं म्हणजे थेट खात्यावर टाका. मुकुट, भरजरी कपडे, दागिने करणारे कारागीर छापील बिल देत नाहीत, त्यांच्याकडून नाव, पत्ता, कामाचं वर्णन असलेली सहीची पावती घ्या. डिझेलच्या पावतीवरची शाई उडते. त्याच दिवशी झेरॉक्स काढा. शेवटी अनुदान ठरल्या कामावरच खर्च झालं असं सांगणारं, सीएच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं, केंद्रासाठी जीएफआर 12-ए या ठरावीक नमुन्यात. ते अडलं की पुढचं सगळं अडतं.

अनुदान उशिरा येतं, हे धरूनच चाला. त्याच्या भरवशावर नटांना उचल देऊ नका. नवी वेशभूषा, प्रकाशयोजना, पोरांसाठी शिबिर, अशा थांबू शकणाऱ्या खर्चासाठी ते मागा. हंगाम जत्रेवरच चालतो.

आणि मंडळातल्या म्हाताऱ्या नटांचं पाहा. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत योजनेत आता महिन्याला 5 हजार मिळतात, वयाची अट साधारण 50 वर्षांची. कला केल्याचा पुरावा लागतो, आणि रात्री अर्जुन झालेल्या माणसाकडे तोच नसतो. जुन्या जत्रांची हँडबिलं, वर्तमानपत्रातली कात्रणं, देवस्थानाची पत्रं, सगळ्यांची नावं दिसतील असे फोटो तारखेसह जमवा. हे काम पावसाळ्यात होतं, तेव्हा सगळे घरी असतात.