बालवाडीच्या अंगणात वाळूचा हौद

गावाने मिळून चालवायच्या बालवाडीत खेळणी विकत आणण्याआधी वाळूचा हौद करा. पंधरा-वीस मुलांना ६ बाय ५ फुटांचा पुरतो. एका वेळी पाच-सहा जणांनाच सोडायचं. खड्डा दीड फूट खोल. तळाला ४ इंच खडी, तिच्यावर शेडनेट (सावलीसाठी वापरतात ती हिरवी जाळी), मग १० इंच वाळू, म्हणजे पाव ब्रास (२५ घनफूट). शेडनेट घातलं नाही की उकरता उकरता खडी वर येते आणि थेट तोंडात जाते.

क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, सहज मिळते, पण तिची भुकटी डोळ्यांत जाते, कण बोचतात. चाळून धुतलेली नदीची वाळूच घ्या, तीही पावतीसकट.

पाटण-जावळीसारख्या भरपूर पावसाच्या भागात हौद पत्र्याखाली हवा, नाहीतर पावसाळाभर डबकं. माण-खटावसारख्या कोरड्या भागात उलटं: कोरड्या वाळूचा ढीग ठरत नाही, सकाळी दोन बादल्या पाणी शिंपडा. रात्री ताडपत्री घालाच. मांजरांना मऊ वाळू फार आवडते! सकाळी ताईंनी दाताळं फिरवून काचा-काटे बघायचे.

करवंट्या, चाळण्या, जुने डाव भरपूर. पत्र्याचे डबे नकोत, कडा कापतात. तीन वर्षांखालची मुलं असतील तर चिंचोके, गोट्याही नकोत. फावडं एकच ठेवलं तर भांडण ठरलेलं, चार ठेवा. आणि मूल रमलेलं असताना ‘हे काय केलंस? किल्ला का?’ विचारू नका. खेळ तिथेच मोडतो. ताईंनी शेजारी बसून आपली करवंटी भरावी, बास.