दहा लिटरात गाडी धुवायची तर

बेळगावला पाणी देणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी खाली गेली आणि नळ चार-पाच दिवसांआड आला, की पाइप लावून गाडी धुणं विसरायचं. दोन बादल्यांत काम होतं.

आधी सावली बघा, बॉनेट हाताला गार लागलं पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू वाळून डाग धरतो. खानापूरकडची तांबडी धूळ कोरड्या फडक्यानं कधीच पुसू नका. तिच्यातली बारीक रेती रंगावर गोल ओरखडे पाडते, उन्हात ते लगेच दिसतात. हातपंपाच्या फवारणीनं दीड-दोन लिटर पाणी मारून पाच मिनिटं धूळ भिजू द्या.

एका बादलीत चार लिटर पाणी नि झाकणभर कार शाम्पू, दुसरीत चार लिटर साधं. भांड्यांचा साबण नको, वॅक्स उतरतं. मायक्रोफायबर फडकं टपापासून खाली, सरळ रेषेत फिरवा. दर पत्र्यानंतर साध्या पाण्यात खळबळून पिळा, मगच शाम्पूत. चाकं शेवटी, वेगळ्या फडक्यानं.

बोअरचं पाणी जड असेल तर लगेच कोरडं करा, नाहीतर काचेवर पांढरे ठिपके बसतात. उरलेलं शाम्पूचं पाणी अंगण धुवायला चालतं, तुळशीला नाही.