चौघांत एक संगणक: पट्टीच्या हिशेबातून शिकवताना

सहा संगणक आणि चोवीस मुले असा मेळ असेल, तर प्रत्येक संगणकापाशी चौघे बसतात. परंतु शिक्षकाने कामे वाटून दिली नाहीत, तर पाच-दहा मिनिटांतच माउस एकाच मुलाच्या हाती जातो आणि उरलेले तिघे पडद्याकडे पाहत राहतात. म्हणून पहिल्याच दिवशी नियम घालावा की, ज्याला येते त्याने माउसला आणि कळफलकाला हात लावायचा नाही, फक्त तोंडाने सांगायचे; माउस आणि कळफलक दुसऱ्याने चालवावा. ‘इथे दाब’ असे म्हणण्यासही बंदी असावी. ‘तिसऱ्या स्तंभातील सातव्या चौकटीत जा’ असे नेमके सांगावे लागले की सांगणाऱ्याचे स्वतःचे ज्ञान किती पक्के आहे, हे त्यालाही कळते. केलेल्या पायऱ्या तिसऱ्याने वहीत लिहाव्यात आणि चौथ्याने पडद्यावरील आकडे कागदाशी ताडून पाहावेत. दर दहा मिनिटांनी कामे बदलावीत व प्रत्येक बदलापूर्वी फाइल जतन करावी, कारण आपल्याकडे वीज सांगून जात नाही.

काम मुलांच्या ओळखीचे हवे. सोयाबीन मोंढ्यावर (धान्यबाजारात) घातल्यानंतर मिळणारी हिशेबाची पट्टी मी वापरतो: तिच्यावर वजन, क्विंटलचा भाव, हमाली, तोलाई असे सर्व असते, आणि संगणकावरील तक्त्यात (स्प्रेडशीटमध्ये) गुणाकार, बेरीज व वजावट शिकवण्यास त्याहून अधिक काही लागत नाही. मात्र पट्टीवर घरच्या उचलीचाही (आगाऊ घेतलेल्या रकमेचाही) उल्लेख असू शकतो. त्यामुळे खरी पट्टी वर्गात फिरवू नये, शिक्षकाने नावाविना व बदललेल्या आकड्यांची नक्कल तयार करावी.

या कामात हमखास होणारी एक चूक मुद्दाम होऊ द्यावी. एखादा मुलगा चौकटीत ‘4500 रु.’ असे लिहितो. संगणक त्याला आकडा न मानता मजकूर मानतो, बेरजेचे सूत्र ती चौकट वगळते आणि एकूण रक्कम कमी येते. शिक्षकाने उत्तर सांगू नये. कागद धरून बसलेल्या चौथ्याला तफावत सापडते, मग चौघे वाद घालतात, आणि कोणाच्या तरी लक्षात येते की बाकीचे आकडे चौकटीच्या उजव्या कडेला असताना हा एकच डावीकडे चिकटला आहे. हे एकदा स्वतः शोधलेले मूल पुन्हा चौकटीत ‘रु.’ लिहीत नाही.

नवीन विषयासाठी मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरनसन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथील शाळांत वापरलेली जिगसॉ पद्धत उपयोगी पडते. विषयाचे चार भाग करावेत: मराठी टंकलेखन, तक्ता, सूत्रे आणि आलेख. प्रत्येक गटातील एकेकाने एकच भाग घ्यावा, त्या भागाच्या सर्व मुलांनी आधी एकत्र बसून तो शिकावा आणि मग आपल्या गटात परतून इतरांना शिकवावा. टंकलेखनाच्या मुलांना इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची कळफलक-रचना द्यावी. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला येतात, हलन्ताची (अक्षराचा पाय मोडणारी) कळ कळली की जोडाक्षरांचे भय जाते.

शेवटी प्रत्येक गटातून चिठ्ठीने एकास उठवून दुसऱ्या गटाच्या संगणकावर नवी पट्टी एकट्याने भरण्यास सांगावे. कोणाची चिठ्ठी निघेल हे ठाऊक नसल्याने हुशार मूल मागे पडलेल्या सोबत्याला आदल्या दिवशीच बसवून घेते. गुण मात्र ज्याचे त्यालाच द्यावेत.