विपश्यनेनंतर ‘प्रगती’ मोजताना या चुका टाळा

शिबिर करून आलेल्या नव्या साधकांचा प्रश्न ठरलेला असतो, "माझी प्रगती होतेय हे कळणार कसं?" प्रश्न रास्त आहे. पण उत्तर भलतीकडेच शोधतात. त्याच त्या चुका ऐकून कान किटले, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

संवेदनांवरून मार्क देणं. सगळ्यात मोठी चूक हीच. 10 दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे नुसत्या श्वासावर लक्ष, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगभर उठणाऱ्या संवेदना बघत राहणं. मग कुणाला अंगभर धाराप्रवाह, म्हणजे संवेदनांची सलग सूक्ष्म लहर, मिळतो, कुणाला गुडघ्यातल्या कळांपलीकडे काहीच नाही. धाराप्रवाहवाला स्वतःला पुढे गेलेला समजू लागतो. आमच्या सामूहिक साधनेला असे एक गृहस्थ यायचे. बैठक संपली रे संपली की, "आज डोक्यापासून पायापर्यंत सलग!" एकदा अशीच ‘सलग’ बैठक आटोपून खाली उतरले, तर स्कूटरपुढे कुणीतरी गाडी आडवी लावलेली. त्यांनी वॉचमनला असं काही झापलं की समोरच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि बघत राहिला. वर मलाच म्हणाले, "या माणसामुळे आजची साधना वाया गेली." अहो, परीक्षा तर त्या गेटवरच होती! मोजायची ती समता, म्हणजे बरंवाईट काही आलं तरी न उसळणारं मन, संवेदना नव्हे, हे ही साधना शिकवणारे गोयंका गुरुजी शिबिरात ऐकवल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रित प्रवचनांत कितीदा सांगतात. ऐकतात सगळेच.

मी स्वतः मोजपट्टी म्हणून एक जुनं दुखणं धरून ठेवलंय. गावच्या सामायिक विहिरीवरून थोरल्या चुलतभावाचा फोन येतो. राग आजही येतो. बघायचं एवढंच, की फोन ठेवल्यावर तो किती वेळ टिकतो. पूर्वी मी अंथरुणात पडल्यापडल्या दादाला उत्तरं देत बसायचो. आता बोलतानाच कानाच्या पाळ्या तापल्याचं लक्षात येतं आणि जेवणापर्यंत विषय बहुधा मागे पडतो. बहुधा म्हटलं, नेहमी नाही.

आठवड्याला हिशेब मांडणं. शिबिरातून आल्यावर चार दिवस सगळं गोड असतं, मग ऑफिस सुरू होतं आणि "परिणाम उतरला" अशी रड. आठवड्यात दिसतात ते चढउतार. मी दिवाळीला आणि गुढीपाडव्याला मागे वळून बघतो, मधे नाही. एवढा धीर नसेल तर रोजची डायरी तरी नको, ती फक्त घालमेल वाढवते.

"मी बदललोय का गं?" असं बायकोला विचारणं. ती बिचारी शांततेसाठी हो म्हणेल. विचारू नका, बघा. फुटलेला कप मुलगी लपवते की येऊन सांगते?

शिबिरं गोळा करणं. घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायचं सोडून दरवर्षी इगतपुरीच्या विपश्यना केंद्राचा फॉर्म भरायचा. हे शॉर्टकटवाले मला अजिबात आवडत नाहीत.

शेजाऱ्याशी तुलना. अधिष्ठानात, म्हणजे न हलण्याचा निश्चय करून बसायच्या बैठकीत, तो तासभर हलत नाही? गुडघे चांगले असतील त्याचे.

त्रासालाच प्रगती समजणं. गुडघेदुखीबद्दल बोलत नाहीये. झोप उडाली, भीती वाढतच चालली, तर "संस्कार (मनात साठलेले जुने विकार) वर येताहेत" म्हणत रेटत बसू नका. सहायक आचार्यांना, म्हणजे शिबिर घेणाऱ्या शिक्षकांना, स्पष्ट सांगा आणि डॉक्टरकडे जा. आधीपासून मानसिक आजाराची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, आणि शिबिराच्या फॉर्मवर तिची नोंद लपवू नका.