टपाल-कुरिअर वाटताना लागलं, तर भरपाईचे कागद आणि हिशोब

केस बिघडते ती बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी, कॅज्युअल्टीत. डॉक्टर विचारतात, "कसं झालं?" जखमी माणूस सांगतो, "जिन्यावरून पडलो," आणि केसपेपरवर तेवढंच चढतं. पुढे मालकाचा वकील तोच कागद दाखवून म्हणतो, घरीच पडला असेल. म्हणून कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो की वाशीचं महापालिकेचं, "ड्युटीवर, पार्सल देताना, अमुक सोसायटीत, इतक्या वाजता" असं लिहूनच घ्या. चूक दिसली तर लगेच दुरुस्त करून घ्या.

त्याच दिवशी डिलिव्हरी शीटचा फोटो आणि ॲपवरच्या शेवटच्या एंट्रीचा स्क्रीनशॉट काढा. लॉगिन बंद झालं की काही हाती लागत नाही. गेटवरच्या रजिस्टरमधली आपली एंट्रीही टिपा. सीसीटीव्ही फुटेज काही दिवसांत पुसलं जातं, तेव्हा सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या. सुपरवायझरला व्हॉट्सॲप करा. नुसता फोन केला तर पुढे तो नाकारणं सोपं जातं.

कुत्रा चावला असेल तर आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं जखम धुवा. सरकारी रुग्णालयात त्वचेत दिली जाणारी लस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी असते. रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. डोसचं कार्ड हा दाव्याचाही कागद आहे.

आता दावा कुठे करायचा? पगाराची स्लिप बघा. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर भरपाई ईएसआयकडूनच, मालकावर वेगळा दावा चालत नाही. मालकाला अपघाताचा अहवाल भरायला लावा आणि वागळे इस्टेट किंवा वाशीच्या ईएसआय रुग्णालयातून दाखला घ्या. कामावर जाता येत नाही तोवर साधारण 90 टक्के वेतन मिळतं. टपाल खात्यातल्या कायम पोस्टमनला केंद्रीय रजा नियमांतली कामावरच्या इजेची रजा आहे: रुग्णालयात असेपर्यंत पूर्ण पगार, त्यानंतर 6 महिने पूर्ण आणि पुढे 12 महिने अर्धा. ग्रामीण डाक सेवकांना हे रजा नियम लागू नाहीत.

ईएसआय नसलेल्या खासगी कामगारासाठी 1923 चा भरपाई कायदा होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, हिशोबाची पद्धत मात्र जुनीच. वय 35, पगार 18,000 धरा. 2020 च्या अधिसूचनेप्रमाणे हिशोबाला 15,000 च घेतात. त्याचे 60 टक्के 9,000, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला त्या वयाचा गुणक 197.06, म्हणजे 17,73,540 रुपये. ही कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम. कमाईची क्षमता 30 टक्के गेली असेल तर 5,32,062. तात्पुरत्या इजेत दर पंधरवड्याला पगाराचे 25 टक्के, इथे 3,750. इलाजाची बिलं वेगळी मिळतात, म्हणून मूळ पावत्या कुणाच्या हाती देऊ नका, झेरॉक्स द्या.

खरी गोम त्या 30 टक्क्यांत आहे. डॉक्टर पायाचं अपंगत्व लिहितात, भरपाई मात्र गेलेल्या कमाईवर ठरते. गुडघा 15 टक्के निकामी झालेला कारकून काम करू शकतो. लिफ्ट नसलेल्या चाळीत चार मजले चढणारा नाही. 1975 मध्ये प्रताप नारायण सिंग देव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या सुताराची कमाई 100 टक्के बुडाली असं मानलं. डॉक्टरांना रोजचं काम सांगा, किती किलोची बॅग, किती जिने, आणि दाखल्यात "कमाईची क्षमता" हे शब्द येऊ द्या.

रक्कम महिन्याभरात द्यायची असते. उशीर झाला तर 12 टक्के व्याज, वर 50 टक्क्यांपर्यंत दंड. वरच्या उदाहरणातल्या 5,32,062 वर वर्षाचं व्याजच 63,847 रुपये होतं. ते मालकाचा विमा भरू शकतो, दंड मात्र मालकाच्याच खिशातून जातो. तडजोडीच्या बोलण्यात हे सुनावून ठेवावं. अर्ज ठाण्याच्या कामगार न्यायालयात करायचा आणि अपघातापासून 2 वर्षांची मुदत धरून चालायचं.

दुसऱ्याच्या गाडीने उडवलं असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचाही रस्ता आहे, पण दोन्हीकडून भरपाई घेता येत नाही. तिथे पगारावर 15,000 ची मर्यादा नाही; मात्र गाडीवाल्याची चूक दाखवावी लागते आणि कायद्यात मुदत 6 महिन्यांचीच आहे. तेव्हा एफआयआरची प्रत घेऊन दोन्ही हिशोब मांडा, मगच वकीलपत्रावर सही करा.